एका अभ्यासाचे दोन अभ्यास कसे झाले?

साताऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेला एक विद्यार्थी १९६०च्या दशकात सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात विज्ञान शाखेत दाखल झाला. त्याला डॉक्टर व्हायचे होते. त्याच वेळी तो कबड्डीही खेळत होता, आणि नुसती हौस म्हणून नव्हे. पुढे तो शिवाजी विद्यापीठाच्या संघाचा कर्णधार झाला आणि बांगलादेशाविरुद्ध भारताकडूनही खेळला. विलिंग्डनमधून त्याला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. एम.बी.बी.एस. होऊन तो साताऱ्याला परतला आणि बारा वर्षे त्याने तिथे दवाखाना चालवला. हे डॉ. नरेंद्र दाभोलकर. १९८९ साली त्यांनी स्थापन केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेली त्यांची हत्या सर्वांना ठाऊक आहे. इथे त्यांची आठवण काढली ती एका साध्या कारणासाठी. त्यांच्या पिढीतल्या विद्यार्थ्याला कॉलेजचा अभ्यास आणि वैद्यकीय प्रवेशाचा अभ्यास अशा दोन गोष्टी सांभाळाव्या लागत नव्हत्या. अभ्यास एकच होता.

आज त्याच साताऱ्यात किंवा सांगलीत अकरावी-बारावीचा विद्यार्थी दिवसाचे दोन तुकडे करतो. एक तुकडा कॉलेजचा : तास, प्रात्यक्षिके, जर्नल, घटक चाचण्या. दुसरा 'नीट'चा : क्लास, प्रश्नसंच, रविवारची सराव परीक्षा. दोन्हीकडे विषय तेच, धडेही बहुतांशी तेच. तरी त्याला, त्याच्या पालकांना आणि आपल्यालाही वाटते की हे दोन वेगळे अभ्यास आहेत. एका अभ्यासाचे दोन कसे झाले, याला एक इतिहास आहे. तो समजून घेतला, तर या ओढाताणीतून थोडी वाट काढता येईल असे मला वाटते.

शिकवणारे आणि तपासणारे

विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सुरू केले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९४७ साली या संस्थेचे छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात उभे राहिले. तिथल्या 'कमवा आणि शिका' योजनेतली मुले अंगमेहनत आणि अभ्यास अशी कसरत करत. ओढाताण तेव्हाही होती. पण ती पोट आणि पुस्तक यांच्यातली होती, एका पुस्तकाची दुसऱ्या पुस्तकाशी नव्हती.

वैद्यकीय शिक्षणासाठी मात्र या भागातून बाहेर पडावे लागे. मुंबईत १८४५ सालचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि १९२६ सालचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज होते. पुण्याच्या बी.जे. मेडिकल स्कूलचे महाविद्यालय झाले ते १९४६ साली. तोपर्यंत डॉक्टर होण्याचे दोन मार्ग होते : विद्यापीठाची पदवी, किंवा कमी मुदतीचा परवाना अभ्यासक्रम. १९४६ सालच्या भोर समितीने परवान्याचा मार्ग बंद करून सर्वांसाठी एकच पदवी ठेवावी अशी शिफारस केली. दोन दारांपैकी एक मिटले, आणि उरलेल्या दारावरची रांग वाढत गेली.

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४पासून चालू होते. १९६२ साली मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याच वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी सोलापूरलाही वैद्यकीय महाविद्यालय आले. सातारा-सांगलीच्या मुलांसाठी ही मोठीच घटना होती. अकरावीची एस.एस.सी. व्हायचे, कॉलेजात विज्ञानाची सुरुवातीची वर्षे काढायची, 'बी ग्रुप' घेऊन विद्यापीठाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवायचे. त्या गुणांवर वैद्यकीयचा प्रवेश ठरे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम, विद्यापीठाचेच प्राध्यापक, परीक्षाही विद्यापीठाची. जे वर्गात शिकवत, त्यांच्यातलेच काही जण प्रश्नपत्रिका काढत आणि उत्तरपत्रिका तपासत. शिकवणे आणि पारखणे यांत अंतर जवळजवळ नव्हतेच.

याचे तोटेही होते. एका विद्यापीठाचे साठ टक्के आणि दुसऱ्याचे साठ टक्के सारखे मानायचे का, या प्रश्नाला उत्तर नव्हते. शिवाय कॉलेजपर्यंत पोचणारी मुलेच थोडी होती. ज्यांना पोचता आले नाही, त्यांची ओढाताण कुठे नोंदलीच गेली नाही. त्या काळाचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

बारावी आणि एक गुण

दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला. दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, बारावीची १९७७ साली. वैद्यकीय प्रवेशाचा निकष आता बारावीचे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे गुण हा झाला. परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली, म्हणजे वर्गापासून एक पाऊल दूर सरकली. पण अभ्यास अजून एकच होता. कॉलेजात शिकवले जाई तेच परीक्षेत येई, आणि त्यावरच प्रवेश मिळे.

मी साताऱ्यात बारावी केली ती या व्यवस्थेच्या शेवटच्या वर्षांत. तिचे वैगुण्य आम्हाला रोज दिसत होते. तीन विषयांचे तीनशे गुण. एकेका गुणावर मुलांची दाटी. हस्ताक्षर, परीक्षकाची सढळ किंवा आखडती लेखणी, यांवर आयुष्याची दिशा ठरल्यासारखी वाटे. प्रात्यक्षिकाचे गुण बहुतेकांना भरभरून मिळत, त्यामुळे त्यांवरून कोणाला काय येते हे कळत नसे. 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करणारा आणि विषय समजलेला, दोघांची उत्तरपत्रिका सारखीच दिसू शकत असे. शिकवण्या तेव्हाही जोरात होत्या. पण शिकवणीहून निघालेला मुलगा कॉलेजच्या तासाला बसे, कारण दोन्हीकडे तेच चाललेले असे आणि प्रयोगशाळेतले गुणही मोजले जात.

त्याच सुमारास लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून एक पद्धत गाजू लागली. जादा तास, वारंवार चाचण्या, प्रश्न सोडवण्याचा कसून सराव, आणि हे सगळे कॉलेजच्या आवारात, कॉलेजच्याच प्राध्यापकांकडून. 'लातूर पॅटर्न'वर घोकंपट्टीची टीका झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण वर्ग आणि परीक्षा यांचा सांधा त्यात तुटलेला नव्हता, हेही नोंदवायला हवे.

परीक्षा वेगळी का काढावी लागली?

वेगळी प्रवेश परीक्षा कोणाच्या लहरीने आली नाही. तिच्यामागे न्यायाचे खरे प्रश्न होते.

पहिला प्रश्न प्रदेशाचा. महाराष्ट्रात ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात शिकलात, त्याच क्षेत्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश, अशी रचना होती. १९८६ साली निदमर्ती महेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सरसकट क्षेत्रबंदी घटनाबाह्य ठरवली आणि स्थानिकांसाठी जास्तीत जास्त ७० टक्के जागांची मुभा ठेवली. आपल्याकडे पुढे वर्षानुवर्षे चर्चेत राहिलेले ७०:३० सूत्र हेच. राज्याने ते २०२० साली रद्द केले. त्याआधी १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात, वैद्यकीयच्या काही जागा देशभरातल्या विद्यार्थ्यांना खुल्या हव्यात असे न्यायालयाने म्हटले होते. पुढे हे प्रमाण १५ टक्के ठरले. पण निरनिराळ्या राज्यांच्या मंडळांचे गुण एकमेकांशी ताडायचे कसे? म्हणून १९८८ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने या जागांसाठी अखिल भारतीय परीक्षा सुरू केली.

दुसरा प्रश्न पैशाचा. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या काळात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे धोरण आले. वसंतदादा सांगलीचेच. शेजारच्या कर्नाटकात जाणारी मुले राज्यात राहतील, हा त्यामागचा एक विचार. कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ सालचे. जागा वाढल्या, पण देणगी घेऊन प्रवेश देण्याचा प्रश्नही वाढला, आणि १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. गुणवत्ता ठरवणारी परीक्षा संस्थेच्या हातात नसावी, ही मागणी यातून बळावली.

तिसरा प्रश्न मोजपट्टीचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७च्या नियमावलीने सांगितले की, जिथे एकाहून अधिक मंडळांचे विद्यार्थी असतील, तिथे प्रवेश स्पर्धा परीक्षेने व्हावेत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात वैद्यकीयसाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे 'सीईटी', सुरू झाली आणि बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याचा अभ्यास दुभंगला तो इथे.

पुढचा टप्पा देशव्यापी परीक्षेचा. 'नीट'ची अधिसूचना डिसेंबर २०१०मध्ये निघाली, पहिली परीक्षा मे २०१३मध्ये झाली, जुलै २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली आणि ११ एप्रिल २०१६ रोजी स्वतःचाच तो निकाल मागे घेतला. त्या वर्षी महाराष्ट्रातली मुले बारावीचे पेपर देऊन सीईटीच्या तयारीत होती. सीईटी बारावीच्या राज्य अभ्यासक्रमावर होती आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नव्हते. 'नीट' अकरावी-बारावी दोन्ही वर्षांवर, वजा गुणांसह. १ मे रोजी 'नीट'चा पहिला टप्पा झाला, ५ मे रोजी सीईटी, आणि महिनाअखेरीस केंद्राच्या अध्यादेशाने राज्यांना त्या वर्षापुरती सूट दिली. शासकीय जागांसाठी सीईटी चालली. खासगीसाठी 'नीट' द्यावी लागली, तिचा दुसरा टप्पा २४ जुलैला. एकाच उन्हाळ्यात तीन नियमांच्या परीक्षांना तोंड देणाऱ्या त्या मुलांना विचारले, तर 'समतोल' हा शब्द त्यांना थट्टेसारखा वाटेल.

थोडक्यात, साठ वर्षांत परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे, मंडळाकडून राज्याच्या संचालनालयाकडे आणि तिथून दिल्लीला गेली. प्रत्येक पावलाला न्यायाचे एक कारण होते. प्रत्येक पावलाला ती वर्गापासून लांबही गेली.

तीन तास आणि तीन तास

दोन्ही परीक्षांचा स्वभाव किती निराळा आहे, हे साध्या आकड्यांत दिसते. बारावीचा जीवशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास. ३० गुण प्रात्यक्षिकाचे. २०२५च्या 'नीट'मध्ये त्याच तीन तासांत तिन्ही विषयांचे मिळून १८० प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. एकूण गुण ७२०, त्यांपैकी ३६० जीवशास्त्राचे. जुन्या पद्धतीत जीवशास्त्राचा वाटा एक तृतीयांश होता, तो निम्मा झाला. गंमत अशी की जीवशास्त्राचे वजन वाढले आणि त्याच विषयाची प्रयोगशाळा ओस पडली. बेडकाचे विच्छेदन थांबले ते प्राण्यांच्या रक्षणासाठी, आणि ते योग्यच आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाच्या टोकातले पेशीविभाजन पाहण्याला कोणाची हरकत होती?

वजा गुणांचे गणितही मुलांकडून सोडवून घेण्यासारखे आहे. बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला वजा १, पर्याय चार. डोळे मिटून खूण केली तर सरासरीने मिळतात १/४ × ४ − ३/४ × १, म्हणजे पाव गुण. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर हीच सरासरी दीड गुणावर जाते. म्हणजे ही परीक्षा ज्ञानाबरोबर 'काय नाही' हे ओळखण्याचे कसबही मोजते. ते कसब वाईट नाही. निदान करताना डॉक्टरही शक्यता बाद करत जातो. पण त्याला ज्ञानाची जागा घेऊ दिली, तर मुलगा पर्यायांशिवाय विचार करायचे विसरतो.

अमेरिकेतही १९२८पासून वैद्यकीय प्रवेशासाठी अभियोग्यता चाचणी घेतली जाऊ लागली, पण कारण वेगळे होते. वैद्यकीय महाविद्यालयांतून बरेच विद्यार्थी मध्येच गळत होते. हा अभ्यासक्रम कोणाला झेपेल, हा त्यांचा प्रश्न होता. आपला प्रश्न : एवढ्यांपैकी कोणाला वगळायचे? २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी 'नीट'ला बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. वगळण्यासाठी केलेल्या चाचणीचा स्वभाव वेगळा असणारच.

आणि परीक्षा दूर नेली की ती आपोआप निर्दोष होते, असेही नाही. २०२४च्या पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते, सुधारित निकालात १७ उरले. पाटणा आणि हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र गैरप्रकार देशभर पसरल्याचा पुरावा नसल्याने फेरपरीक्षा नाकारली. उलट बाजूने, तमिळनाडूने २००७पासून प्रवेश परीक्षा बंद करून बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. तिथे अनेक शाळा अकरावीतच बारावीचा अभ्यास सुरू करू लागल्या, आणि शेवटी राज्याला अकरावीचीही सार्वजनिक परीक्षा घ्यावी लागली. कुठलीही एक परीक्षा सर्वस्व ठरली, की तिच्याबाहेरचे शिक्षण सुकते. दोष केवळ परीक्षेच्या प्रकारात नाही.

नाव एकीकडे, मूल दुसरीकडे

आपल्याकडे काय सुकले, ते आपण रोज पाहतो. कॉलेजात नाव, प्रत्यक्ष शिकणे क्लासमध्ये. हजेरी लागते, मूल दिसत नाही. २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. बोटाचा ठसा मुलाला वर्गात आणू शकेल. त्याला तिथे बसावेसे वाटेल याची हमी ठसा देत नाही.

याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. सातारा शहरातल्या सुस्थितीतल्या घरातले मूल क्लासची फी भरते. जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या मुलासाठी गावाजवळचे कॉलेज हाच एकमेव वर्ग असतो. शहरातल्या मुलांनी कॉलेजकडे पाठ फिरवली आणि 'इथे शिकवून उपयोग काय' असे प्राध्यापकांनाही वाटू लागले, तर बुडतो तो हा मुलगा. जी परीक्षा समान मोजपट्टी म्हणून आणली, तिच्या तयारीचे साधनच असमान झाले.

पहिल्या प्रयत्नात न जमलेल्यांची गोष्ट आणखी बिकट. वर्ष वाया जाऊ नये म्हणून ते बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घालतात. आता खरोखरच दोन अभ्यास होतात : सत्राचे पेपर वेगळे, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला येणारी 'नीट' वेगळी. अशा मुलाला 'मन लावून कर' एवढेच सांगणे पुरेसे नाही. त्याने कुठले विषय घेतले, वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र-रसायन यांतला किती भाग त्याला दोन्हीकडे उपयोगी पडेल, हे प्रवेशाच्या वेळीच कोणीतरी त्याच्याबरोबर बसून पाहायला हवे.

दोन अभ्यास खरोखर दोन आहेत का?

इथे स्मृतीच्या अभ्यासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले.

आता बारावीचा वर्णनात्मक प्रश्न आठवा : 'नेफ्रॉनची नामनिर्देशित आकृती काढून मूत्रनिर्मितीची प्रक्रिया लिहा.' कोरा कागद, समोर पर्याय नाहीत, सगळे आतून काढायचे. हे 'न बघता आठवून लिहिणे'च आहे. ज्याला नेफ्रॉन मनातून काढता येतो, त्याला हेन्लेच्या वलयावरचा बहुपर्यायी प्रश्न थोड्या सरावाने सुटतो. पण केवळ पर्याय ओळखायला शिकलेल्याला कोऱ्या कागदावर नेफ्रॉन काढता येईलच असे नाही. म्हणजे मुले ज्याला वेळेचा अपव्यय समजतात तो बोर्डाचा अभ्यास हा 'नीट'च्या तयारीचा पाया आहे. वेगाचा आणि पर्यायांचा सराव त्याच्यावर चढवायचा मजला.

म्हणून शिक्षक म्हणून आपल्या हातात काही गोष्टी आहेत. घटक संपला की वर्गातच दहा मिनिटे पुस्तक मिटून आठवून लिहायला लावावे. त्यानंतर त्याच घटकावरचे दहा बहुपर्यायी प्रश्न दहा मिनिटांत. प्रत्येक चुकलेल्या पर्यायाला 'हा का नाही?' याचे एका ओळीत उत्तर मागावे. तीन आठवड्यांनी तोच घटक पुन्हा पाच मिनिटांसाठी समोर आणावा. अकरावीचे धडे बारावीत असे अधूनमधून परत आणले, तर दोन वर्षांच्या परीक्षेची भीती निम्मी होते. आणि प्रयोगशाळा चालू ठेवावी. अनुमापनात एका थेंबाने रंग बदलताना ज्याने पाहिला, त्याला मोलॅरिटीचे सूत्र निराळे पाठ करावे लागत नाही.

एवढे केले तरी रांग लहान होणार नाही. २०२१-२२पासून साताऱ्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी इच्छुकांपैकी बहुतेकांना जागा मिळणार नाही, हे आकडेच सांगतात. मग त्या बहुतेकांच्या हाती दोन वर्षांनंतर काय उरावे? केवळ प्रश्नसंचाचा अभ्यास असेल, तर उरतो फक्त न मिळालेला प्रवेश. विज्ञान शिकले असेल, तर उरते विज्ञान. दाभोलकरांनी बारा वर्षांनी दवाखाना थांबवला. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर ज्याचा प्रसार केला ती कारण विचारण्याची सवय होती. तिचा पेपर कुठलेही मंडळ घेत नाही, पण ती शिकवण्याची जागा वर्गच आहे.